खेळायचं कोणाच्या बाजूने?

'एज ऑफ एम्पायर्स' माहीत नाही असा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी शोधून सापडणार नाही. सबमिशन उद्यावर आलं असलं तरी हॉस्टेलच्या लॅनवर कोणाचं तरी टाउन सेंटर जळतच असतं! या गेमचा पहिला भाग आला १९९७ साली. त्यात १२ संस्कृती होत्या. पुढच्या वर्षीच्या एक्सपान्शनमध्ये रोमन, कार्थेजियन, पाल्मायरन आणि मॅसेडोनियन अशा चारांची भर पडून झाल्या १६. या सोळांत जपानचे यामातो आहेत, कोरियाचे चोसॉन आहेत, एवढंच काय, क्रीटसारख्या एका बेटावरचे मिनोअनसुद्धा आहेत. भारतातलं मात्र कोणीही नाही. ना मौर्य, ना सातवाहन.

मी इथे रडगाणं गायला बसलेलो नाही. सांगायचं एवढंच, की अशी यादी आभाळातून पडत नाही. कोणीतरी टेबलाशी बसून ती करतं, आणि करताना काही नावं घेतं, काही सोडतं. यंदा हे काम माझ्या वाट्याला आलं. आम्ही चौघांनी मिनी-प्रोजेक्ट म्हणून प्राचीन दख्खनवर एक टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी गेम करायला घेतला. दोघांनी कोडिंग घेतलं, एकाने नकाशा आणि ग्राफिक्स. "तू वाचतोस बिचतोस, फॅक्शन्स तू ठरव," असं म्हणून उरलेलं काम माझ्या गळ्यात पडलं. मी वरोऱ्याचा, शिकलो कॉन्व्हेंटमध्ये. आमच्या हिस्ट्रीच्या पुस्तकात वाकाटक एका परिच्छेदात यायचे आणि त्याच परिच्छेदात जायचे. त्यामुळे लायब्ररीत बसणं आलं. त्यातून जे समजलं ते इथे मांडतो. गेम न खेळणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण प्रश्न शेवटी फक्त गेमचा राहत नाही.

फॅक्शन म्हणजे नक्की काय?

फॅक्शन म्हणजे घराणं नाही, जात-जमात नाही आणि प्रांतही नाही. गेमच्या भाषेत फॅक्शन म्हणजे निर्णय घेणारं एक केंद्र. त्याच्याकडे एक खजिना असतो, एक सैन्य असतं आणि काहीतरी मिळवायचं असतं. नकाशावरचे बाकी सगळे रंग यातूनच येतात.

साधारणपणे तीन प्रकार असतात. पहिला प्लेएबल, म्हणजे ज्याच्या खुर्चीत आपण बसतो. दुसरा एआयचा, म्हणजे ज्याला कॉम्प्युटर चालवतो. तो लढतो, तह करतो, पण त्याची खुर्ची आपल्याला मिळत नाही. आणि तिसरा म्हणजे उरलेला सगळा भाग, जो करड्या रंगाने भरून टाकतात. २००४ च्या 'रोम: टोटल वॉर'मध्ये या करड्या भागाला सरसकट 'रिबेल्स' म्हटलंय. ते राज्य वाढवत नाहीत, कोणाशी तह करत नाहीत. कोणीतरी येऊन आपल्याला जिंकावं म्हणून वाट बघत बसलेले असतात, इतकंच. हा करडा रंग लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे यायचंय.

मग सगळेच का नाही घेत?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर साधं गणित आहे. गेममध्ये 'न' फॅक्शन्स असतील तर त्यांच्या जोड्या होतात न गुणिले (न वजा १) भागिले २. सहा फॅक्शन्स घेतल्या तर १५ जोड्या. बारा घेतल्या तर ६६! फॅक्शन्स दुप्पट झाल्या, पण तपासायचं काम चौपटीहून जास्त वाढलं. प्रत्येक जोडीत 'याने त्याला पहिल्या दहा चालींतच खाल्लं' असं होत नाही ना, हे खेळून बघावं लागतं. शिवाय प्रत्येक फॅक्शनचं वेगळं सैन्य, वेगळ्या इमारती, राजांची नावं, झेंडा. आणि आम्ही माणसं चार, सेमिस्टर एक.

मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. 'रोम: टोटल वॉर'च्या इंजिनमध्ये २१ फॅक्शन्सची मर्यादा पक्की बसवलेली होती आणि त्यात रोमन सिनेट आणि ते रिबेल्सही मोजलेले. मूळ गेममध्ये रोमच्याच तीन घराण्यांनी तीन जागा अडवल्या होत्या. पुढे 'युरोपा बार्बरोरम' नावाचा मॉड करणाऱ्या हौशी मंडळींनी रोमची एकच फॅक्शन केली आणि मोकळ्या झालेल्या जागांचा फायदा घेऊन अरबस्तानातलं सबा, मध्य आशियातले शक अशा लोकांना आत घेतलं. म्हणजे एकाची जागा काढल्याशिवाय दुसऱ्याला जागा नाही. आपल्या एस.टी.सारखंच!

उलट बाजूने, एकाच नावाखाली फार मोठा प्रदेश कोंबला तरी गडबड होते. 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्ये २०१३ साली 'इंडियन्स' नावाची एकच संस्कृती आली होती. २०२२ मध्ये कंपनीने ती मोडून हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविडियन अशा चार केल्या. आम्ही सहा प्लेएबल जागा ठरवल्या आणि कामाला लागलो.

आधी साल, मग यादी

यादी करण्याआधी गेम कोणत्या साली सुरू होतो हे ठरवावं लागतं, कारण साल बदललं की यादीच बदलते. आमच्यापुढे तीन पर्याय होते.

पहिला मौर्यांचा काळ. २०१९ चा 'इम्परेटर: रोम' हा गेम इ.स.पू. ३०४ ला सुरू होतो, त्याचा नकाशा भारतापर्यंत येतो आणि त्यात मौर्य घेऊन खेळताही येतं. पण आमचा नकाशा फक्त दख्खनचा. त्यावर एकटे मौर्य म्हणजे सगळ्या नकाशाला एकच रंग. मग लढायचं कोणाशी?

दुसरा पर्याय आमच्या नाशिकच्या पार्टनरचा. क्षत्रप नहपान विरुद्ध गौतमीपुत्र सातकर्णी. हा सामना जबरदस्त आहे यात वाद नाही. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा पुन्हा मारला होता. शत्रूचा खजिना जिंकून त्याच्याच नाण्यावर आपलं नाव उमटवायचं, यापेक्षा भारी 'व्हिक्टरी स्क्रीन' कोणता गेम डिझायनर काढेल? शिवाय त्याच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या, नाशिकच्या लेखात त्याच्या राज्यातल्या प्रदेशांची जी यादी आहे, तीत आपला विदर्भही आहे. पण अडचण अशी, की तो कुस्तीचा सामना आहे. मुख्य पैलवान दोनच. सहा खुर्च्या भरायच्या कशा?

तिसरा पर्याय इ.स. ४६० च्या आसपासचा. सातवाहन जाऊन दोनशे वर्षं उलटलेली. उत्तरेत गुप्तांचा स्कंदगुप्त आहे, पण हूणांच्या लढायांनी त्याचा बराच जोर खर्ची पडलाय. आणि दख्खनमध्ये मध्यम ताकदीची पाच-सहा राज्यं एकमेकांकडे डोळे वटारून बसलेली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा काळ गुंतागुंतीचा वाटेल. गेम करणाऱ्याला मात्र हीच मेजवानी! नाशिककर दोन दिवस रुसला, पण बहुमताने ४६० पास झालं.

चार चाळण्या

आता कोण आत, कोण बाहेर? मी चार चाळण्या लावल्या.

पहिली चाळणी पुराव्याची. राजाचं नाव, राजधानी, ताम्रपट किंवा नाणं यांपैकी काहीतरी हातात हवं. वाकाटकांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे लेख एकत्र संपादित करून १९६३ साली मोठा ग्रंथच काढला. राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन, आणि दुसऱ्या शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम. नगरधनच्या अलीकडच्या उत्खननात तर प्रभावती गुप्ता या राणीच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. मुद्रेवर शंख आहे.

दुसरी चाळणी निर्णयाची. हा राजा स्वतः ठरवत होता, की दुसऱ्याच्या हुकमावर चालत होता? मांडलिक असेल तर तो फॅक्शन नाही, दुसऱ्याच्या रंगातली एक छटा आहे.

तिसरी चाळणी वेगळेपणाची. दोन फॅक्शन्स नावाने वेगळ्या, पण खेळायला सारख्याच असतील तर त्यातली एक फुकट गेली. वेगळेपण इतिहासातूनच निघतं, बाहेरून चिकटवावं लागत नाही. उदाहरणार्थ, वाकाटकांची म्हणता येतील अशी नाणी अगदी थोडी, आणि तीही तांब्याची. पण त्यांचे ताम्रपट भरपूर, आणि बहुतेक सगळे जमिनीच्या, गावांच्या दानाचे. म्हणजे यांची इकॉनॉमी नाण्यांवर नाही, गावं दान देण्यावर चालवायची. उलट कोकण-दक्षिण गुजरातकडचे त्रैकूटक क्षत्रपांच्या धर्तीवर चांदीची नाणी पाडत होते. म्हणजे त्यांची इकॉनॉमी व्यापाराची. बघा, एका ओळीत दोन वेगळे गेम तयार झाले!

चौथी चाळणी हेव्याची. या फॅक्शनला काय हवंय आणि ते कोणाकडे आहे? इथे कौटिल्य मदतीला येतो. त्याचा मंडलसिद्धांत अगदी थोडक्यात असा: शेजारी तो शत्रू, आणि शेजाऱ्याचा पलीकडचा शेजारी तो मित्र. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनो, हा सरळ सरळ ग्राफचा प्रॉब्लेम आहे. एका पावलावरचा नोड वजा, दोन पावलांवरचा नोड अधिक. आमच्या एआयचं परराष्ट्र धोरण याच दोन ओळींवर उभं आहे, आणि आश्चर्य म्हणजे ते चालतं!

आमची यादी

नंदिवर्धनचे वाकाटक. गादीवर नरेंद्रसेन. मागच्या पिढ्यांची पुण्याई मोठी. आजी प्रभावती गुप्ता, म्हणजे गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवऱ्यामागे मुलं लहान म्हणून तिनेच कारभार पाहिला. नरेंद्रसेनाची राणी कुंतलाची राजकन्या. म्हणजे सोयरीक दणकट, पण शत्रू उंबरठ्यावर. ज्यांना अडचणीत खेळायला आवडतं त्यांच्यासाठी ही फॅक्शन.

वत्सगुल्मचे वाकाटक. एकाच घराण्याच्या दोन फॅक्शन्स कशाला, असं पार्टनरनी विचारलं. कारण दोघांचे निर्णय वेगळे. हिचा हरिषेण म्हणजे अजिंठ्याच्या भरभराटीचा राजा. सोळा नंबरचं लेणं त्याच्या मंत्र्याने, वराहदेवाने, करवलं. त्या लेण्यातल्या लेखात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र या प्रदेशांची नावं हरिषेणाच्या पराक्रमाच्या संदर्भात येतात. आम्हाला 'व्हिक्टरी कंडिशन' शोधावीच लागली नाही. लेण्याच्या भिंतीवर आयती लिहिलेली मिळाली.

नळ. ही माझी सगळ्यात लाडकी फॅक्शन. राजधानी पुष्करी, मुलूख बस्तर-कोरापूटकडचा, म्हणजे आपल्या गडचिरोलीच्या शेजारचा. बस्तरमध्ये एडेंगा इथे त्यांची सोन्याची नाणी सापडली. वराहराज, भवदत्त, अर्थपती अशा तीन राजांची. आणि अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपूरला (हो, तेच महानुभावांचं ऋद्धपूर) नळांचा जो ताम्रपट मिळाला, तो दिला गेलाय नंदिवर्धनाहून! शत्रूच्या राजधानीत बसून दान द्यायचं म्हणजे तिथवर पोचलेच होते ना? पुढे बाजी उलटली. कोरापूटजवळच्या पोडागडच्या लेखात नळांचा स्कंदवर्मा उजाड झालेली पुष्करी पुन्हा वसवल्याचं सांगतो, आणि इकडे वाकाटकांचा दुसरा पृथिवीषेण बुडालेलं घराणं दोनदा वर काढल्याचा दावा करतो. दोघांनी एकमेकांची राजधानी बसवली-उठवली. स्क्रिप्ट तयार आहे, फक्त कोड लिहायचाय.

त्रैकूटक, विष्णुकुंडी, कदंब. या तिघांचं थोडक्यात सांगतो. त्रैकूटकांचा दह्रसेन, याचा पारडीचा ताम्रपट इ.स. ४५६ च्या सुमाराचा, म्हणजे आमच्या सालाला अगदी फिट. आंध्रकडचे विष्णुकुंडी वाकाटकांचे सोयरे. आणि बनवासीचे कदंब, ज्यांनी लेकी मोठमोठ्या घराण्यांत दिल्याचं त्यांच्याच तालगुंडच्या लेखात आहे. यांना आम्ही लग्नाच्या राजकारणाचा बोनस दिला.

गुप्त मात्र एआयकडे ठेवले. ते प्लेएबल केले तर निम्मे लोक डोळे मिटून त्यांनाच घेणार. लोकांना जिंकायला आवडतं!

करड्या रंगाचं काय करायचं?

यादी झाली, ग्राफिक्सवाल्याने नकाशा रंगवला. पश्चिमेला रंग, उत्तरेला रंग, दक्षिणेला रंग, आणि उजवीकडे मधोमध वैनगंगेपासून इंद्रावतीपर्यंत एक मोठा करडा डाग. आमचा भाग!

माझ्या शेजारच्या खोलीत भामरागडकडचा एक माडिया मित्र राहतो. तो सहज डोकावला आणि स्क्रीनकडे बघून म्हणाला, "आमचं गाव ग्रे कायले आहे बे?"

कोडिंगवाला म्हणाला, "ते रिबेल्स आहेत. गेममध्ये तसंच म्हणतात."

"रिबेल? कोनाच्या विरोधात? आमी तं आधीपासूनच तिथं आहो. आले तं तुमी!"

सगळे हसले, तोही हसला. पण मला रात्रभर ते वाक्य सोडेना. गडचिरोलीच्या पोराला 'रिबेल' हा शब्द काय आहे हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला समजावून सांगावं लागेल, चंद्रपूरच्या नाही. ज्याने कोणाचं राज्य मान्यच केलेलं नाही, तो बंडखोर कसा? शब्दच चुकीचा आहे. तो शब्द नकाशा रंगवणाऱ्याच्या खुर्चीतून आलेला आहे.

मग मी पुन्हा पुराव्याकडे गेलो. जंगलातल्या लोकांबद्दल जुन्या लेखांत काहीच नाही का? आहे, भरपूर आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अटवीतल्या, म्हणजे अरण्यातल्या लोकांना उद्देशून मजकूर आहे. कलिंगच्या युद्धाचा पश्चात्ताप झालेला हाच राजा त्यांना मात्र बजावतो की माझ्या हातात अजून ताकद आहे, हे विसरू नका. एवढ्या मोठ्या सम्राटाला ज्यांना दम द्यावा लागला, ते 'रिकामी जागा' नक्कीच नव्हते. सहाशे वर्षांनी समुद्रगुप्ताच्या अलाहाबादच्या स्तंभलेखात सगळ्या आटविक राजांना चाकर केल्याचं म्हटलंय. त्याच लेखात दक्षिणापथातल्या राजांमध्ये महाकांताराचा व्याघ्रराज येतो. महाकांतार म्हणजे मोठं अरण्य. म्हणजे अरण्याला राजे होते, आणि एकाचं तर नावही माहीत आहे.

सगळ्यात महत्त्वाची साक्ष कौटिल्याची. अर्थशास्त्रात सैन्याचे सहा प्रकार सांगितलेत: मौल, भृत, श्रेणी, मित्र, अमित्र आणि अटवी. म्हणजे पिढीजात, पगारी, श्रेणींचं, मित्राचं, शत्रूकडून आलेलं आणि अरण्यातलं. आणि एका ठिकाणी तो चोर आणि आटविक यांची तुलना करतो. चोर रात्री लपून येतात, पण आटविक स्वतःच्या मुलखात राहतात, संख्येने खूप आहेत, शूर आहेत, उघड लढतात आणि राजासारखेच असतात, असा त्याचा मथितार्थ. हे तो कौतुकाने म्हणत नाही. राजाला धोका कुठे आहे ते सांगतोय. पण शत्रूने दिलेलं सर्टिफिकेट खोटं नसतं!

आता माझ्या चाळण्या लावून बघा. निर्णय स्वतःचा? हो. वेगळेपण? शंभर टक्के. हेवा, म्हणजे काहीतरी जपायचं-मिळवायचं आहे? आहे. पण पहिलीच चाळणी, पुराव्याची, तिथे अडतं. इ.स. ४६० च्या आमच्या जंगलातल्या एकाही प्रमुखाचं नाव, गाव, नाणं हातात नाही. नागभीडजवळच्या देवटेकला एक दगड आहे, त्यावर मौर्यकाळाच्या सुमाराचा ब्राह्मी लेख आणि पुढच्या काळातला वाकाटक रुद्रसेनाचा लेख, दोन्ही आहेत. आपल्याच जिल्ह्यातला दगड, पण त्यावरही बोलतं ते राज्यच. मग मला कळलं की ही चाळणी पुराव्याची असली तरी मुळात ती लिहिण्याची चाळणी आहे. जे तांब्यावर कोरत होते ते जाळीवर राहिले. जे कोरत नव्हते ते खाली पडले.

मग त्यांना प्लेएबल का नाही केलं?

पार्टनर म्हणाले, "सोपं आहे, एक गोंड फॅक्शन टाकून दे." मोह मलाही झाला होता. चांद्याच्या गोंड राजांचा किल्ला बघतच आम्ही मोठे झालो. पण ते राज्य मध्ययुगातलं, पुढे १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेलेलं. त्याला उचलून ४६० मध्ये ठेवणं म्हणजे शिवाजी महाराजांच्या हातात मोबाइल देण्यासारखं आहे. आणि नावं मनाने रचून टाकली तर खेळणारा तोच इतिहास समजून बसेल. शिवाय 'विषारी बाण मारणारे रानटी' असलं काहीतरी युनिट आपोआप तयार होईल आणि माझ्या शेजारच्या खोलीतल्या मित्राला ते बघावं लागेल. त्यांच्या तोंडी आपलं बोलणं घालण्यापेक्षा न घातलेलं बरं.

म्हणून आम्ही तिसरा रस्ता काढला. प्लेएबल नाही, पण करडंही नाही. एक वेगळाच प्रकार, नाव 'अटवी'. हे नावही बाहेरच्यांनी दिलेलं आहे, पण निदान त्याच काळातलं आहे आणि त्यात 'बंडखोर' हा आरोप नाही. रंग हिरवा. नियम चार.

एक, अटवीला राजधानी नाही. त्यामुळे एक लढाई जिंकून ती 'जिंकली' असं होत नाही. आत शिरलेल्या सैन्याची रसद मात्र दर चालीला कमी होते.

दोन, अटवीशी करार करता येतो. वाट, लाकूड, मध, लाख, हत्ती आणि अटवीबल हे सगळं करारानेच मिळतं. हत्तीशिवाय मोठं सैन्य उभं राहत नाही आणि हत्ती जंगलातच असतो, म्हणजे प्रत्येक राजाला इथे यावंच लागतं.

तीन, अटवी विसरत नाही. करार मोडला तर दहा चाली वाट बंद.

चार, अटवीला स्वतःचं उद्दिष्ट आहे: जंगल टिकवणं. वाकाटकांनी जंगलाच्या काठावर गाव दान दिलं की त्यांचं उत्पन्न वाढतं, पण हिरवा रंग एक घर मागे सरकतो आणि संबंध बिघडतात. म्हणजे वाकाटकांचं बलस्थान हेच त्यांचं संकट!

चौकोनी कागदावर, मेसमधले चणे-वाटाणे सैन्य म्हणून मांडून आम्ही दोन्ही प्रकार खेळून पाहिले. जगदलपूरकडून रामटेककडे सरळ रेघ मारा, ती गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातूनच जाते. करडा नकाशा होता तेव्हा नळांच्या खेळाडूने सरळ रेघेत सैन्य नेलं आणि चार चालींत नंदिवर्धन गाठलं. गेम संपला. नवे नियम लावल्यावर त्याच खेळाडूने पहिली चाल सैन्याची न करता बोलणी करायला वापरली. आणि वाकाटकांच्या खेळाडूने तेच ओळखून अटवीला जास्त चांगला करार देऊ केला. जिथे काहीच नव्हतं तिथे गेमचा मध्यबिंदू आला. हे मी भावनेच्या भरात नाही म्हणत. खेळून बघितलेलं सांगतोय. अटवीमुळे गेम चांगला झाला.

तुम्ही गेम करणार असाल तर

साल आधी ठरवा. एकाच रंगाचं साल घेऊ नका, आणि दोनच पैलवानांचंही नको. फॅक्शन्स कमी घ्या, पण प्रत्येक वेगळी खेळली पाहिजे. वेगळेपण नाण्यांत, ताम्रपटांत, नकाशात शोधा. तुमच्याही जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये काही ना काही सापडेल. आपल्याकडे भांदकच्या विजासनच्या लेण्या आहेत, वर्धा नदी आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात हीच वरदा नदी दोन चुलतभावांमधली विदर्भाची हद्द ठरते, आणि आजही ती चंद्रपूर आणि यवतमाळची हद्द आहेच. एवढी तयार सीमारेषा कोणत्या मॅप डिझायनरला मिळते?

आणि यादी पूर्ण झाली की नकाशावर उरलेल्या भागाकडे एकदा नीट बघा. तिथे माणसं होती. त्यांच्या हातात आपल्याला खेळ देता येत नसेल, तरी त्यांना 'नाही' म्हणायचा अधिकार देता येतो. आमच्या कोडमध्ये आम्ही सातवी प्लेएबल जागा रिकामी ठेवली आहे. उद्या एखाद्या उत्खननात एखादं नाव, एखादं नाणं निघालं, तर ती भरायला एक संध्याकाळ पुरेल.

भामरागडच्या मित्राला नवा नकाशा दाखवला. बराच वेळ बघून तो म्हणाला, "बरा आहे. पन नदीचं वळण चुकलं तुमचं." आता ग्राफिक्सवाला त्याच्याच शेजारी बसून इंद्रावती दुरुस्त करतोय.